बांधलेला हात

माझा उजवा हात अर्धांगानं नुसता पाडला. मारला तो माझ्याच माणसांनी, तेही मायेनं.

झटका आला तेव्हा मी गावात, डिंगोऱ्यात, आमच्या ओट्यावर कांदे निवडत होते. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होता, हात मात्र लोंबत होता. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण सुनेला म्हणाली, "हाताला काही झालं नाही. मेंदूतली वाट बंद झालीय. हात कामात राहिला तर मेंदू दुसरी वाट पाडतो. पण डावा मोकळा असला की उजव्याला कोण विचारतंय? रोज थोडा वेळ डावा बांधून ठेवा."

मला ते तिथंच पटलं. जन्मभर उसाला पाणी भरलंय मी. पाणी नव्या सरीत न्यायचं तर आधी जुनीचं तोंड मातीनं दाबावं लागतं, नाहीतर ते सोप्या वाटेनंच पळतं.

सून गुणाची. काम आवरलं की आपल्या ओढणीनं माझा डावा हात पोटाशी बांधायची अन् पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा ओतायची. "फोडा आत्या." फोडते कसली! शेंग बोटांतून निसटायची. मी आधी शेंगेला शिव्या द्यायचे, मग सुनेला. ती हसायची, "द्या, द्या, पण फोडा."

दिवाळीपर्यंत शेंग फुटायला लागली. एका सकाळी मी भाकरी थापली. वेडीवाकडी, तव्यावर टाकताना फाटलीच. तीच मी कालवणाशी खाल्ली आणि पोटभर रडले.

आजाऱ्याला भेटायला येणं ही आमच्याकडची रीत. केळी नाहीतर बिस्किटपुडा घेऊन यायचं, चहा प्यायचा आणि घरभर नजर फिरवायची. अशीच एक बाई आली. मला बांधलेलं बघून चहा न पिताच उठली. संध्याकाळी गावभर झालं: सुनेनं सासूला बांधून ठेवलीय, अन् वर शेंगा फोडायला लावती!

दुसऱ्या दिवशी येडगावहून माझा भाऊ दारात. "जनावराला तरी सोडत्यात गं दिवसाचं! आमची बहीण काय वाऱ्यावर पडली न्हाई!" मी सांगायला गेले, पण जीभ अजून जड. अर्धा शब्द आला, अर्धा आत राहिला. "बघा," भाऊ म्हणाला, "भ्यानं बोलतबी न्हाई." मुलगा खाली मान घालून उभा. याच्यासाठी नऊ महिने ओझं वाहिलं व्हय मी? सुनेनं ओढणी सोडली, धुऊन वाळत घातली, आणि पुन्हा माझ्या हाताला लावली नाही.

मग माझी सेवा काय विचारता! भाकरी कुस्करून घास तोंडात. वेणी घातलेली, चोळी चढवताना उजवा हातही तिनंच उचललेला, पदर सावरलेला, तांब्या ओठाला लावलेला. मी परातीकडं सरकले की सून आधी दाराकडं बघायची आणि परात उचलायची. "नको आत्या, लोक बोलत्यात." मी लई भांडले. पण राग तरी किती पुरणार? हळदीकुंकवाला, गावभर बोलल्या त्याच बाया म्हणाल्या, सासूला फुलासारखं जपती हो! बांधायचंच होतं तर यांची तोंडं बांधायची होती.

मेंदू मात्र शिकतच होता. शेंग फोडायला शिकला, तसाच हा हात आपला नाही हेही शिकला. पाणी तुटलेल्या सरीत हराळी माजायला वेळ लागत नाही.

परवा सून मला पुन्हा त्या डॉक्टरणीकडं घेऊन गेली. बारीनं नंबर आला. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, उजवा हात वर करा बघू."

मी जीव एकवटून जोर लावला. आणि हात उठला की हो, पार छातीपर्यंत! मी हरखून खाली बघितलं.

सुनेनं उचलला होता. रोजच्यासारखा, तिच्याही नकळत.