पुसलेल्या तारांचं बक्षीस

२६ जानेवारी, सकाळी साडेदहा. रक्कम पाच हजार एक रुपये. हजर सभासद अकरा, गैरहजर दोन. जागा तुंगार्लीतलं समाजमंदिर. आमच्या चित्रपट मंडळाच्या वार्षिक बैठकीचं इतिवृत्त मीच लिहितो, म्हणून एवढं नक्की सांगता येतं. पुढचं आठवणीतून लिहितो आहे.

मंडळ लहान आहे. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी पडदा लावून एक सिनेमा बघायचा, वर्षअखेरीस त्यातला एक उत्तम म्हणून निवडायचा आणि बक्षीस द्यायचं. पण द्यायचं कुणाला? आमच्या पाच हजारांसाठी कुणी दिग्दर्शक घाट चढून येणार नाही. म्हणून पहिल्याच वर्षी ठरलं की रक्कम त्या सिनेमासाठी राबलेल्या मावळातल्या माणसाला द्यायची, आणि असा माणूस ज्या सिनेमात नाही तो स्पर्धेत धरायचा नाही. आमच्या भागात चित्रीकरणं सतत चालतात, त्यामुळे माणूस सापडतो. एकदा बैलगाडी हाकणाऱ्याला बक्षीस मिळालं. एकदा कामशेतच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना, त्यांनी साठ चोळ्या शिवल्या होत्या.

मग एका वर्षी इंदुरीच्या किल्ल्याजवळ झालेल्या चित्रीकरणात आपण पहारेकरी होतो असं सांगत एक गृहस्थ आले. आम्ही सिनेमा थांबवून थांबवून पाहिला. ते कुठेच नव्हते. चित्रीकरण बघायला गेले होते, एवढंच खरं होतं. त्यानंतर मी नियम लिहिला: माणसाचं नाव पडद्यावर आलेलं असलं पाहिजे. सगळ्यांनी हात वर केले. पुढची दोन वर्षं बक्षीस घेणारे आपापल्या नावाचा फोटो मोबाईलवर घेऊन आले, त्यामुळे काही अडचण आली नाही.

यंदा दोन सिनेमे उरले होते. एक मराठी, खेड्यातल्या शाळेचा, शांत. त्यात स्वयंपाक्याचं काम केलेला माणूस शिरगावचा होता आणि त्याच्या नावाचा फोटो माझ्याकडे आला होता. दुसरा परदेशी, उडणाऱ्या, इमारती उचलणाऱ्या महानायकाचा. तो सुचवला होता आमच्या शेजारच्या भाऊंनी. भाऊ तळेगावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्या दिवशी सगळ्यांना जय भीम करून ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या मुलीनं त्यात काम केलंय. पुण्याच्या स्टुडिओत. नाव येणार असं तिला सांगितलं होतं."

सात वर्षं ती मुलगी पुण्याला त्या कामाला जात होती. गेल्या पावसाळ्यात स्टुडिओनं माणसं कमी केली, त्यात तिची नोकरी गेली. आमच्या आळीत तिचं काम काय हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. "कॉम्प्युटरवर कार्टून काढते," असं लोक म्हणत. भाऊंना कारखान्यात पंचवीस वर्षांचं मानपत्र मिळालं होतं, ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे. मुलीच्या कामाचं तसं काहीतरी, कुणीतरी मोठ्यानं म्हटलेलं, त्यांना हवं होतं. हे त्यांनी सांगितलं नाही, पण खोलीत बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

तरी मी विरोध केला. म्हटलं, "भाऊ, मुलीचा प्रश्न वेगळा. पण असल्या सिनेमाला उत्तम म्हणायचं? त्यानं शेकडो कोटी मिळवलेत. गोष्ट तीच, मारामारी तीच. बक्षीस हे ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही त्याच्याकडे बघायला लावण्यासाठी असतं."

इंदुरीचे आबा, शेतकरी आणि जुने पैलवान, माझ्यासमोर बसले होते. ते म्हणाले, "आमच्या जत्रंत कुस्ती बघाया लय माणसं येत्यात. म्हून पैलवानाला गदा द्यायची न्हाई का?"

"आबा, गदा गर्दीला देत नाहीत. जिंकणाऱ्याला देतात."

"व्हय. मग ह्यो जिंकला का न्हाई त्ये बघा की. तुमी तर गर्दी बघूनच नाव खोडलं."

सगळे हसले. चहा करणाऱ्या मावशीही मंडळाच्या सभासद आहेत, त्या किटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "न्हाई तर काय! मला त्यो शाळंचा शिनेमा कळला, पर दोनदा डोळा लागला. ह्यो उडनारा कळला न्हाई, पर डोळा न्हाई लागला. आता ह्याचं मार्क कसं काढायचं?"

"मावशी, झोप हा निकष नाही."

"मग निकष काय त्यो तुमीच ठरवनार का?"

आबांचं बोलणं मला लागलं होतं. तो सिनेमा ऑक्टोबरात मंडळात दाखवला तेव्हा मी बराच वेळ वर्गणीच्या पावत्या लावत होतो. माझी पत्नी तेव्हाच म्हणाली होती, "तुम्ही सिनेमा बघायला येता की नुसते बसायला?" पण बैठकीत मी हे बोललो नाही. मी नियम वाचून दाखवला. आधी नाव बघू, मग मतदान. ते सगळ्यांना पटलं, भाऊंनासुद्धा. "नाव आहेच," ते म्हणाले. त्यांनी तो सिनेमा थिएटरात पाहिला होता, पण शेवटी माणसं उठली, समोर उभी राहिली आणि त्यांना वाचता आलं नव्हतं.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतक्या वर्षांत आमच्या मंडळानं एकाही सिनेमाची शेवटची नावं पाहिलेली नव्हती. पाच वाजता समाजमंदिरात मुलांची शिकवणी भरते, म्हणून गोष्ट संपली की मीच उठून दिवे लावतो आणि खुर्च्या आवरायला सांगतो. नाव पडद्यावर पाहिजे असा नियम मीच केला होता, आणि नावं सुरू झाली की पडदा मीच बंद करत होतो.

पुढच्या रविवारी पुन्हा जमलो. तेच अकरा जण, आणि भाऊंची मुलगी. ती मागच्या रांगेत भिंतीला लागून बसली. उजव्या मनगटावर पट्टा होता. मी फक्त शेवट लावला. मोबाईल पडद्याला जोडून आम्ही ज्या ऑनलाइन सेवेवरून सिनेमे दाखवतो, तिनं नावं सुरू होताच चित्र कोपऱ्यात बारीक केलं आणि पुढचा सिनेमा दाखवायला निघाली. मुलगीच पुढे आली, एक बटण दाबून नावं पूर्ण पडद्यावर आणली आणि परत जाऊन बसली.

नावं नऊ मिनिटं चालली. भाऊ सगळा वेळ उभे होते. मी मोजायला सुरुवात केली आणि सहाशेच्या पुढे चुकलो. तीन-तीन रांगांत नावं वर सरकत होती, सुतार, वाहनचालक, स्वयंपाकी, हिशेबनीससुद्धा. तिच्या स्टुडिओचं नाव आलं. त्याखाली चव्वेचाळीस नावं होती, तेवढी मात्र नीट मोजली. मग स्टुडिओ बदलला.

"गेलं का?" आबांनी विचारलं.

"पुन्हा लावा," भाऊ म्हणाले. "माझी नजर चुकली असंल."

मी तेवढा भाग पुन्हा लावला आणि थांबवला. भाऊ पडद्याजवळ गेले आणि बोट ठेवून एकेक नाव वाचू लागले. तिसावं-बत्तिसावं नाव चाललं असेल, तेव्हा मागून आवाज आला.

"पप्पा, नाहीये. मी बघितलंय आधी."

"मग सांगायचं ना."

"तुम्ही सगळ्यांना सांगून आला होता."

तिनं आम्हाला सांगितलं की त्या कामावर एकशे तीस जण होते आणि स्टुडिओच्या वाट्याला चव्वेचाळीस नावांचीच जागा आली होती. भाऊ पडद्यापासून मागे सरले. "नियम नियम असतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "माझी सूचना मागं घेतो." त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मावशींनी मुलीला विचारलं, "बाय, पर तू केलंस काय त्यात? दाव की आमाला."

तिनं सिनेमा मागे नेला. पावसात एक माणूस पुलाच्या कठड्यावरून वर उडतो, तो प्रसंग. पाच सेकंदही नाहीत. तो संपला तरी आम्ही वाट बघत होतो.

"झालं," ती म्हणाली. "एवढंच."

"ह्यात तू कुटं हाईस?" आबा म्हणाले.

ती पडद्याशी गेली. त्या माणसाला चार वायर लावून क्रेननं उचललं होतं. दोन खांद्यांतून, दोन कमरेतून. तिनं हातानं हवेत त्या दाखवल्या. तिचं काम कॉम्प्युटरवर एकेका फ्रेममधून, म्हणजे एकेका सुट्या चित्रातून, त्या पुसायच्या. वायर पुसल्या की त्यांच्यामागे पाऊस नव्याने भरावा लागतो, कारण वायरवर आपटून थेंब भलतीकडे उडालेले असतात. मागच्या ओल्या भिंतीवर वायरींची सावली होती, ती वेगळी काढली. एकशे अठरा फ्रेम, अकरा दिवस. मी मनात भागाकार केला: दिवसाला अकरा फ्रेमही नाहीत.

"आणि कुणाला काही दिसलं का?" तिनं विचारलं.

आबा पुढे वाकून बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. "थेंबसुदिक सरळ पडतोय."

मी पुन्हा एकदा तो प्रसंग लावायला सांगितला. भिंत बघितली, थेंब बघितले. ऑक्टोबरात मी पावत्या लावत होतो तेव्हा हे समोरून गेलं होतं.

मग मी उठून नियमाला दुरुस्ती सुचवली. नाव पडद्यावर नसेल, पण माणूस आपलं काम पडद्यावर बोट ठेवून दाखवू शकत असेल, तर तो पात्र धरावा. दहा हात वर झाले. भाऊंचा हात खाली होता. घरचा विषय म्हणून त्यांनी मतच दिलं नाही, पुढच्या मतदानातही नाही.

महानायकाच्या सिनेमाला सहा मतं पडली, शाळेच्या सिनेमाला चार. त्या चारांत माझं मत होतं. महानायकाची गोष्ट मला आजही पोकळ वाटते, आणि मुलीची कारागिरी चांगली म्हणून सगळा सिनेमा उत्तम, असं मला म्हणता आलं नाही. मी ते तिच्यासमोर सांगितलं. ती म्हणाली, "काका, गोष्ट मलापण आवडली नव्हती." मात्र गर्दी जमते म्हणून एखादा सिनेमा स्पर्धेतच धरायचा नाही, असं मी पुन्हा म्हणणार नाही. हे इतिवृत्तातही लिहिलं आहे. शिरगावच्या स्वयंपाक्याला दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन निकाल सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, चहा मात्र विचारला नाही.

रक्कम त्याच रविवारी, पाच वाजायच्या आत दिली. भाऊंनी पाकीट स्वतः मुलीच्या हातात द्यावं असं आबांनी सुचवलं, पण भाऊ म्हणाले, "मी नको. मंडळानं द्यावं." तेव्हा मावशींनी दिलं. मुलीनं डाव्या हातानं सही केली, कारण उजवं मनगट दुखत होतं, आणि सही वेगळी दिसते म्हणून मी खाली तसा शेरा लिहिला. पावतीवर असं आहे: पाच हजार एक रुपये रोख, भाऊंच्या मुलीला, चार वायर, त्यांची सावली आणि एकशे अठरा फ्रेममधला पाऊस यांबद्दल.