कॅसेट संपते तिथे

आमच्या बरकतपुऱ्याच्या कायदेमदत ऑफिसातले किस्से कपाटात मावायचे नाहीत, कॅसेटी तेवढ्या मावायच्या! आदिवासी बाया आपल्यावर गुदरलेलं सांगायच्या, मी ते टेप करून उतरवून घ्यायची. आदिलाबादकडच्या गोंड बायांना मराठी येतं, म्हणून आमच्या वकीलअक्कांनी मला धरून आणलं. दिलसुखनगरात रंगीत टीव्हीची दुकानं रांगेनं उघडत होती. आमचा टेपरेकॉर्डर मात्र थापटल्याशिवाय चालत नसे.

*

सोमाबाई आली ती जंगल नाकेदाराविरुद्ध. त्यानं तिला चौकीत कोंडलं होतं. फॉर्मात पहिलाच प्रश्न, घटना कधी घडली?

"मोह गळत व्हता तवा."

अक्का त्यांच्या दखनीत वैतागल्या, "तारीख होना, अम्मा!"

मोहाची फुलं महिनाभर गळतात, हे सोमाबाईनंच सांगितलं. रकाना कोरा राहिला.

*

ती चौकीच्या दारापर्यंत आली की कॅसेटची बाजू संपायची. खट्! तीही गप्प. मी कॅसेट उलटली की पुन्हा पहिल्यापासून, मोह वेचायला निघाल्यापासून सुरू. असं चारदा! दाराच्या आतलं काही आलंच नाही. आणि जबाब पुरा झाला नाही तर नाकेदार सुटणार, हे अक्कांनी बजावून ठेवलेलं.

*

माझी थट्टा व्हायची ती बाह्यांवरून. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत ब्लाउज! मी म्हणायची, फॅशन आहे. एकदा पट्टी दिसली, तेव्हा न्हाणीत घसरले म्हटलं. बाया रोज अंगावरचे वळ दाखवत येतात त्या ऑफिसात कुणाला शंका आली नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू.

*

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आणली. सोमाबाई चौकीच्या दाराशी आली आणि थांबली. टेप चालूच होता.

संपली नाही अजून, बोल, असं मी म्हटलं.

"म्हाईत हाय." ती माझ्या बाहीकडे बघत होती. "तुझ्या हाताला काय झालं?"

मी न्हाणीचं सांगितलं. मी टेप बंद करायला गेले, तर तिनं माझा हात धरला, दुखत होतं त्याच्या जरा वर.

"राहू दे चालू. तू सांग, मंग मी सांगते."

मी बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली.

"कवा झालं?" तिनं विचारलं.

तारीख काही केल्या आठवेना. मी म्हटलं, "गौरी जेवल्या त्या दिवशी."