डावीकडचे पाणी

पापडीच्या गॉडफ्रे सरांच्या वाडीत तीन गोष्टी होत्या: केळी, बावखल आणि बास्केटबॉल. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे; त्यावर केळी जगत, केळींवर घर जगे, आणि बास्केटबॉल सरांच्या जिवावर जगे. शाळेत खेळ शिकवून पोट भरेना म्हणून नव्हे, तर हौस भागेना म्हणून त्यांनी वाडीत कोबा घातला आणि त्यावर एक रिंग उभी केली. दुसऱ्या रिंगला जागा नव्हती. रिंगकडे तोंड केले की डाव्या हाताला लगेच बावखल. चेंडू पाण्यात गेला तर ज्याच्या हातून गेला त्याने उतरून काढायचा, असा नियम होता. शेवाळ, बेडूक आणि वरून सरांचे शब्द. दुसऱ्यांदा उतरायची पाळी कोणी येऊ देत नसे.

या कोब्यावर दोन पॉइंट गार्ड तयार झाले. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा, बाकी चौघांना खेळवणारा. एक सरांचा मुलगा कॉन्रॅड, दुसरा समोरच्या घरातला ॲल्रॉय. दोघांची तुलना हा सरांचा दुसरा धर्म होता, आणि पहिल्यापेक्षा तो ते अधिक नेमाने पाळत. कॉन्रॅडचा पास असा, की घेणाऱ्याला वाटावे आपण मुळात तिथेच उभे होतो. पण सामना चुरशीचा झाला की त्याचे हात थिजत. ॲल्रॉयच्या पायांत वारे, लांबून नेम पक्का. पण दुसरा काही इलाज उरला नाही तरच तो पास देई. सर हे मयताच्या घरीसुद्धा सांगत.

"जेवताना तरी त्या दोघांना पानातून उतरवा," सरांची बायको मटिल्डा म्हणे.

मग एक खासगी व्यावसायिक लीग निघाली. पुण्याच्या संघाच्या प्रशिक्षकाचा फोन आला. गार्डची एकच जागा शिल्लक होती. "सर, तुम्ही नाव सांगा, मी डोळे मिटून घेतो."

कॉन्रॅडने बॅग भरली. माणिकपूरच्या दुकानातली नोकरी सोडतो असेही मालकाला बोलून आला. बाप एवढी वर्षे तुलना करतोय, तिचा निकाल काय हे घरात सर्वांना ठाऊक होते. कॉन्रॅड केसभर सरस होता.

सरांनी ॲल्रॉयचे नाव दिले.

"पप्पा, चांगला कोण?" कॉन्रॅडने विचारले.

"ॲल्रॉय वेगवान आहे."

"वेगवान कोण, ते नाही विचारलं."

"तुझं नाव दिलं असतं तर रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर गाव काय बोललं असतं?"

"गाव बास्केटबॉल बघतं तरी का?"

गाव बघत नव्हते. पण बोलले जरूर असते, आणि सरांना न्यायी माणूस म्हणून मरायचे होते. कॉन्रॅडने बॅग रिकामी केली, मालकाचे पाय धरले आणि बापाशी बोलणे कामापुरते ठेवले.

ॲल्रॉयला गावाने हार घालून पाठवले. महिना उलटायच्या आत तो परत आला. या वेळी हार नव्हता. सरांच्या ओट्यावर येऊन तो खाली मान घालून बसला. कॉन्रॅड दारात उभा होता.

"सर, त्या पोरांना पहिल्याच दिवशी कळलं. समोरचा माझी उजवी बाजू अडवून नुसता उभा राहायचा. डाव्या हाताने चेंडू मारला की माझ्याच पायावर. कोच म्हणाला, डावा हात घरी विसरलास काय?"

"पास उशिरा देतोस, हे मी कधीपासून सांगतोय," सर म्हणाले.

"पासचं नाही सर. डावीकडे वळलो की मला अजून पाणी दिसतं."

सरांच्या तुलनेत वेग होता, नेम होता, काळीज होते. डावा हात कुठेच नव्हता. दोघांतला फरक शोधण्यात त्यांनी उमर घातली होती आणि दोघांत जे सारखे होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने कोब्यात घातले होते.

"म्हणजे कॉन्रॅड गेला असता, तरी..." त्यांच्या आवाजात थोडी सुटका होती.

"तरी परत आलो असतो," कॉन्रॅड म्हणाला. "मीही डावीकडे कधी गेलोय? पण पप्पा, गेलो तर असतो."

पुढे सरांच्या भावाने वाडीतला आपला वाटा एका लग्नाच्या हॉलवाल्याला विकला. त्यात बावखल होते. ते भरावाने बुजवले. लग्नाच्या पाहुण्यांच्या गाड्या आता तिथे लागतात. केळी वाळली. लीगही बंद पडली. ॲल्रॉय बोळिंजला एका सोसायटीत मॅनेजर आहे. कॉन्रॅड त्याच दुकानात आहे आणि घरी जेवायला येतो.

लग्न नसलेल्या संध्याकाळी सर चेंडू घेऊन कोब्यावर उभे राहतात. डावीकडे आता पाहिजे तेवढी जागा आहे. एकदा त्यांनी डाव्या हाताने चेंडू आपटून पाहिला. तो पायावर बसला आणि भरावावरून दूर घरंगळत गेला.

"कॉन्रॅड, जरा चेंडू दे रे," त्यांनी हाक मारली.

कॉन्रॅड ओट्यावरच बसून होता. "ज्याच्या हातून गेला त्याने काढायचा, पप्पा," तो म्हणाला, आणि आत गेला.