बॉडी फर्स्टक्लास, प्रॉब्लेम पॉइंटचा

नवी गाडी घेतलेला माणूस मायलेज सांगतो आणि गप्प बसतो. जुन्या गाडीवाला गप्प बसतच नाही, कारण तो सतत कुठेतरी रस्त्यात उभा असतो. आणि रस्त्यात उभं राहिलं की काहीतरी घडतंच!

आम्ही चौघं. गिरगावचे कामतकाका, दादरचे दातांचे डॉक्टर साठे, लालबागचा केटरर गावडे आणि विम्याच्या ऑफिसात खुर्ची गरम करणारा मी. चौघांकडे त्याच त्या जुन्या, गोल पाठीच्या, एअर-कूल्ड गाड्या. इंजिन मागे, डिकी पुढे. रविवारी सकाळी चिंचपोकळीच्या एका गल्लीत जमायचं, चहा प्यायचा आणि एकमेकांचे पॉइंट बघायचे.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटर नावाच्या डबीतले दोन चिमुकले ठिपके. ते उघडझाप करतात म्हणून ठिणगी पडते. मधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी हवी. कमी झाली, जास्त झाली किंवा ठिपके काळे पडले की गाडी उभी. सगळ्या गाडीचा जीव त्या फटीत!

गावडेची गाडी एकदा हिंदमाताला भर चौकात बंद पडली. मी शेजारी बसलेला. लगेच गर्दी. साड्यांच्या दुकानातला एक सेल्समन धावत आला. "रेडिएटर तापला असेल, पाणी टाका!"

"अरे, एअर-कूल्ड आहे, रेडिएटरच नाय!" गावडे मागे इंजिनात डोकं घालून ओरडला. तोवर ह्या गृहस्थाने पुढचं झाकण उघडलंसुद्धा. आत ऑर्डरच्या सोलकढीचं भलंमोठं पातेलं.

"साहेब, कूलंट गुलाबी झालंय!"

"चाखून बघ!" गावडे म्हणाला.

त्याने खरंच ग्लासभर प्यायली. मिशी पुसली आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

गाडीला खटारा म्हणा, डबडं म्हणा, गावडे हसतो. पण त्या दिवशी मी मध्ये पडलो नसतो तर मारामारी होती!

साठे डॉक्टरांचा किस्सा खुद्द त्यांच्या क्लिनिकमधला. खुर्चीत पेशंट, तोंड उघडं, अर्धा जबडा बधिर. इतक्यात गावडेचा फोन. शीवला अडकलेला. डॉक्टरांच्या हातात ग्लोव्ह्ज, म्हणून फोन स्पीकरवर.

"डॉक्टर, बंद पडली. पार काळे पडलेत!"

"मग घास."

"घासले. खड्डे पडलेत."

"पॉलिशपेपर फिरव. नाहीच जमलं तर स्क्रूड्रायव्हर घाल, उचकटून काढ आणि जुना कुठलातरी बसव!"

गावडेची गाडी सुरू झाली. पेशंट त्याआधीच सुरू झाला होता! रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, ते गेले. चपला इथेच आहेत."

आता माझा. मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी आणि बायको तिच्या मामांकडे निघालो होतो. परळच्या पुलाखाली गाडीने मान टाकली. डबी उघडली, पॉइंट काळेकुट्ट. मी खिसे चाचपतोय तोवर बायकोने पर्समधून नखं घासायची पट्टी काढून हातात ठेवली. "घासा. परत देऊ नका."

घासले. आता फट मोजायची तर मापाची पत्ती घरी. म्हटलं, पत्रिका काय वाईट? तिचा कागद मधे धरला, स्क्रू आवळला. गाडी सुरू झाली आणि फाट्टकन् असा बार काढला की समोरचा केळीवाला खाली बसला!

बायकोने पत्रिका हातात घेऊन बघितली. "अहो, तुम्ही उठावाच्या गणपतीच्या पोटावर मोजलंत! कडेला मोजा."

कडेला मोजलं. गाडी मक्खन!

मामांनी पत्रिका उघडली, काळा डाग बघितला. "हे काय?"

"ह्यांनी सही केलीय," बायको म्हणाली.

कामतकाकांच्या पुतण्याने एकदा शोरूममधला एक टापटीप इंजिनिअर आणला. टायवाला. त्याने लॅपटॉप उघडला, केबल काढली आणि गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला लागला.

"सर, ही कुठे लावायची?"

काका शांतपणे म्हणाले, "ह्या गाडीला एकच गोष्ट लावतात. धक्का! टाय मागे टाका आणि या."

तेच काका गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच. आम्ही तिघं गिरगावात पोचलो तेव्हा काकू कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत बसल्या होत्या. सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. रडल्याही नव्हत्या. पुतण्या घाबरलेला.

निघायच्या वेळी त्या एकदम म्हणाल्या, "ह्यांची गाडी बरोबर येऊ दे. मी त्यातूनच येणार."

किल्ली माझ्या हातात आली. काकू शेजारी बसल्या. पुढे शववाहिनी, तिच्यात काका, पुतण्या, साठे, गावडे. मागे आम्ही. चंदनवाडीच्या स्मशानाचा रस्ता तो केवढा! पण ठाकूरद्वारच्या नाक्यावर गाडीने एक उचकी दिली आणि संपलं.

मी हॉर्न दिला. शववाहिनी थांबली. साठे आणि गावडे उतरून धावत आले, मागचं झाकण उघडलं. मीही उतरलो. तिघांची डोकी आत. मागे रांग लागली, बसवाला बोंबलतोय, कुणाला काही ऐकू येईना.

पुतण्या शववाहिनीतून वाकून ओरडला, "अहो, उशीर होतोय! बॉडीचं काय करायचं?"

गावडेने डोकंही वर न काढता सवयीने उत्तर दिलं, "बॉडी एकदम फर्स्टक्लास आहे रे! प्रॉब्लेम पॉइंटचा आहे!"

बोंबलणाऱ्या बसवाल्याने डोकं खिडकीतून आत घेतलं. गावडेचा चेहरा पांढराफटक.

आणि गाडीच्या आतून हसू फुटलं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, हसता हसता डोळ्यांना धार लागली होती.

पुतण्या धावत आला. "काकू, तू शववाहिनीत चल. काकांना किती वेळ थांबवायचं?"

"थांबू दे," डोळे पुसत काकू म्हणाल्या. "आयुष्यभर मी ह्या गाडीत बसून थांबले. आज थोडं त्यांना थांबू दे!"