शेवटच्या बाईचा होकार

एटापल्लीकडच्या त्या गावात सभेत हात वर करायची पद्धत नव्हती. चिंचेखाली सगळे बसत, बोलत, गप्प राहत, पुन्हा बोलत. शेवटचा माणूस ‘हो’ म्हणेपर्यंत काही ठरत नसे. तुमचे आजोबा आणि मी तिथल्या आश्रमशाळेत शिकवत होतो. माझ्याकडे इंग्रजी आणि नागरिकशास्त्र. बहुमत म्हणजे लोकशाही, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

बाळांनो, तुम्ही आता मतदार झालात आणि चांगला पुढारी कसा ओळखायचा, असं मला विचारता. गुणांची यादी मला जमणार नाही. त्या गावची सरपंच आमच्या शेजारी राहायची, तिचंच सांगते.

पावसाळ्यात नाला भरला की गावाची वाट बंद व्हायची. एका वर्षी पूल आणि पक्का रस्ता मंजूर झाला. पण रस्त्याची आखणी एका विधवा म्हातारीच्या मोहाच्या झाडांमधून गेली. त्या भागात मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. फुलं वेचून, वाळवून म्हातारी वर्ष काढायची. ती ‘नाई’ म्हणाली.

“बुढे, दोन-चार झाडांपायी अख्खं गाव अडवून ठेवतं काय?” एकजण ओरडला.

“मंग तुह्या आंगणातून ने ना रस्ता,” म्हातारी म्हणाली. “नारळ मी फोडतो.”

लोक हसले, पण चिडलेही. “बाई, हात वर कराले सांगा. एका मिनिटात होते,” ते सरपंचबाईंना म्हणाले.

“अन् जिचा हात खाली राह्यला, तिनं कोणत्या गावात राहाचं?” त्या म्हणाल्या, आणि सभा उठली.

रस्ता थोडा वळवा म्हणून त्या तालुक्याला जाऊन आल्या. साहेब म्हणाले, पुन्हा मोजणी करावी लागेल, मग हे वर्ष गेलं. त्या संध्याकाळी त्या आमच्या ओसरीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, “सगळ्यांचं भलं आहे यात. मत घेऊन टाका.”

“तुमच्या पुस्तकात बरोबर असंन, बाई. पण उद्या सकाळी विहिरीवर मले बुढी भेटंन, पुस्तक नाई भेटणार.”

त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, ऐन पावसात. हे गावाला माहीत होतं. त्यांनाही माहीतच होतं.

रस्ता झाला नाही. लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा नाला दुथडी भरून वाहत होता. गावातल्या माणसांनी तिला खाटेवर घालून काठापर्यंत नेलं. पुढे जाता येईना. पलीकडच्या काठावर अँब्युलन्स येऊन थांबली होती. तिचा फिरता दिवा आम्हाला दिसत होता. आम्ही बायकांनी साड्यांचा आडोसा धरला. मूल तिथेच जन्मलं, मुलगी. पाणी उतरण्याआधी तिची आई गेली. सरपंचबाई खाटेचा खूर धरून बसल्या होत्या. तो हात सोडवायला आम्हाला फार वेळ लागला.

पुढच्या सभेत म्हातारी सगळ्यांच्या आधी उठली. “तोडा माहे झाडं,” म्हणाली आणि रडायला लागली. सुटल्यासारखी माणसं उठू लागली.

“बसा,” सरपंचबाई म्हणाल्या. मग म्हातारीकडे वळून, “बुढे, तू रडून राह्यली. असा होकार मले नाई पाहिजे. घरी जाय, जेव, झोप. पुढच्या सभेत सांग.”

“आता अजून कोण मराची वाट पाहून राह्यल्या, बाई?” मागून कुणीतरी म्हणालं. त्यांनी सभा उठवली.

पुढच्या सभेत म्हातारीने कोरड्या डोळ्यांनी ‘हो’ म्हटलं. या वर्षीची फुलं पडू द्या, एवढंच मागितलं. फुलं वेचून झाली, मग झाडं पडली.

रस्ता झाला आणि सरपंचबाई निवडणूक हरल्या. जिला स्वतःच्या लेकीसाठी रस्ता काढता आला नाही ती गावासाठी काय करणार, असं लोक उघड बोलत होते. माझं मत त्यांनाच होतं. त्या बरोबर होत्या का, हे मला अजूनही सांगता येत नाही. त्या खाटेवर तुमची आई असती, तर मी हात मोजले असते. पण मग त्या म्हातारीच्या समोर मला कधी उभं राहता आलं नसतं, हेही तितकंच खरं.

मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे जाऊन आले. अँब्युलन्स आता चिंचेपर्यंत येते. सभाही तिथेच भरते. नवा सरपंच हात वर करायला सांगतो आणि पटापट मोजतो. जुन्या सरपंचबाई मागे बसल्या होत्या, शेजारी नात. हात वर गेले तेव्हा त्या मान वळवून वळवून बघत होत्या, कुणाचा खाली राहिलाय ते.