गार हात

आम्ही दोघी मेडिकलच्या एकाच वर्गात, हॉस्टेलच्या एकाच खोलीत. मृणाल पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर घासते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिचा हात पडला की ताठलेलं पोट आपसूक सैल होतं. मग ती शांतपणे सांगते, "लिव्हर वाढलंय, सर. दोन बोटं." सर मान डोलावतात.

मी तिच्यापेक्षा जास्त घोकते. तरी माझा हात लागला की पेशंट अंग चोरतो आणि माझ्या बोटांना काहीच कळत नाही. तिच्या मार्कांचा हेवा वाटला असता तर बरं झालं असतं. मार्क अभ्यास करून मिळवता येतात. मला हेवा वाटतो तो तिच्या तळव्यांचा. मेसमध्ये ती वरणभात कालवत असली, तरी माझं लक्ष तिच्या बोटांकडेच जातं.

आज वॉर्डात मीही तिच्यासारखे तळवे घासले. हात गारच राहिले. कॉटवरच्या आजी दचकल्या. "सॉरी आजी," म्हणत मी हात मागे घेणार, तेवढ्यात त्यांनी तो धरला, दुसराही ओढून घेतला आणि आपल्या सुरकुतलेल्या ओंजळीत दोन्ही झाकून टाकले.

"किती गार पडलेत गं, पोरी. भ्यालीस होय?"

शेजारच्या कॉटपाशी उभी राहून मृणाल बघत होती. तिचे हात असे धरायची वेळ कुणावर आलीच नसणार.

मी माझे हात लगेच सोडवून घेतले नाहीत.