सांध्यावरची पट्टी

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा देशाला स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या घरात ते अजून फक्त मामंजींना मिळालं होतं. पण माणूस वाईट नव्हता. घराच्या दोन खोल्या. त्यांतल्या मोठ्या खोलीत दाबीव पुठ्ठ्याचे तक्ते उभे करून त्यांनी आम्हां नवराबायकोसाठी आडोसा केला होता. एका बाजूला सासूसासरे, दुसऱ्या बाजूला आम्ही.

तक्ता विटांच्या भिंतीला जिथे भिडत होता तिथल्या सांध्यात लांबी भरलेली होती, म्हणजे सरसात कालवलेली खडूची पूड. आठ दिवसांत तिला भेग पडली. तक्ते उभे करणाऱ्या कल्याणच्या सुताराने जातानाच बजावलं होतं, "लांबीवर जाळीचं कापड दाबा, काका. नायतर फाटनार ती."

मामंजींचा जन्म सरकारी कचेरीत फायली बांधण्यात गेलेला. सुताराने आपल्याला शिकवावं हे त्यांना रुचलं नाही. त्यांनी ट्रंकेतून डिंक लावलेल्या कागदी पट्टीचं भेंडोळं काढलं. "या पट्टीनं वीस-वीस वर्षं फायली टिकल्यात," म्हणाले. फाईल कपाटात पडून असते आणि तक्ता दार आपटलं की हलतो, हे त्यांना सांगणार कोण? पट्टी दर आठवड्याला तडकायची आणि मामंजी दर रविवारी आंघोळ करून, पूजेला बसावं तसे नवी चिकटवायला बसायचे.

मला भेगेचं सोयरसुतक नव्हतं. मला नवऱ्याशी दोन शब्द मोकळेपणी बोलायचे होते, आणि ते त्या भेगेमुळे जमत नव्हतं. एका संध्याकाळी मी अगदी हळू म्हटलं, "अहो, मामंजींना सांगा ना, कागदाऐवजी जुनेराची पट्टी लावू."

"कापड आकसतं, सूनबाई," पलीकडून उत्तर आलं.

आमचे हे चष्मा पुसू लागले. त्या दिवसापासून आम्ही खाणाखुणांनी संसार करू लागलो. माहेरच्या आठवणीने रडू आलं तर मी विहिरीवर जायची, आणि तिथेही कुणीतरी धुणं घेऊन हजर असायचं. फार एकटी पडले होते मी तेव्हा.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. मामंजी पेन्शन आणायला ठाण्याला गेले त्या दुपारी त्यांनी त्यांच्याच मच्छरदाणीचा खालचा काठ कातरला, कागद ओरबाडून काढला, सांध्यात ओली लांबी भरली आणि जाळी तिच्यात दाबून वरून पुन्हा हात फिरवला. लांबी जाळीच्या भोकांतून वर आली आणि घट्ट बसली. दोन दिवसांनी वर चुना दिल्यावर सांधा कुठे होता तेही कळेना.

"मामंजी रागावतील," मी त्या दुपारीच म्हटलं होतं.

"रागावू देत."

मामंजींनी पट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. मच्छरदाणीबद्दल मात्र काढला, कारण आता ती गादीखाली खोचता येत नव्हती आणि डोंबिवलीच्या डासांनी त्यांना फोडून काढलं होतं. पलीकडे त्यांचा आवाज चढला. मग सासूबाईंचा आला. तो इतका मोठा मी तोवर ऐकला नव्हता.

"सात माणसांच्या एका खोलीत संसार केला मी. तीस वर्षांत तुमच्याशी एक वाक्य मनासारखं बोलता आलं नाही. आता भेग बुजलीय, कुणाला काही ऐकू जात नाही. आता तुम्ही ऐका."

आणि त्या बोलत राहिल्या. सासूबद्दल, पहिल्या बाळंतपणाबद्दल, गेलेल्या मुलीबद्दल. मी भाजी चिरायची थांबले, कारण शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. भेग बुजली होती, पण पुठ्ठा तो पुठ्ठाच होता.

म्हणजे आमचंही मामंजींना ऐकू जात असणार. पण त्यानंतर त्यांनी तक्त्यापलीकडून कधीच उत्तर दिलं नाही. आणि तक्त्यातून अजून ऐकू जातं हे सासूबाईंना मामंजींनीही सांगितलं नाही, मीही नाही.